घरी शिवलेली शॉवर कॅप : तीन फसल्या, चौथीत पाणी येतंय

उसवणारी
मी शिवणक्लास केलेला नाही. सासूबाईंचं पायडलचं काळं मशीन लॉकडाऊनमध्ये मास्कच्या निमित्तानं उघडलं. तेव्हापासून उशांचे अभ्रे, पडदे, भाजीच्या पिशव्या, एवढ्यावर माझी गाडी आहे. सरळ टीप बरी येते. वळण आलं की देव आठवतो.

राहायला पुण्यात बावधनला. सोसायटीत बोअरचं पाणी, उन्हाळ्यात टँकरचं. त्यानं रोज केस धुतले तर हातात काथ्याच येतो. म्हणून केस आठवड्यातून दोनदा, बाकीचे दिवस टोपी. विकतच्या टोपीत माझा आंबाडा मावत नाही. मावला तर टोपी मागून मानेवरून वर सरकते आणि पुढे कपाळावर वळ उठतो. म्हटलं गोल कापड, कडेला नेफा, आत इलॅस्टिक. यात शिवायचं ते काय!

पहिली मेणकापडाची. लेकीच्या तान्हेपणीचं मेणकापड माळ्यावर पडून होतं. टाचण्या लावल्या, कड दुमडली आणि अगदी बारीक टाके घातले, कारण बारीक टीप म्हणजे पक्की शिवण असं डोक्यात. मशीनचा पाय मेणकापडाला असा चिकटला की कापड पुढे सरकेना, सुई त्याच भोकात चार-चारदा. शेवटी वर्तमानपत्राच्या पट्ट्या घालून रेटली. बोटं काळी, टोपीच्या कडेवर राशिभविष्य उलटं छापलेलं. डोक्यावर चढवताना जरा ताणली आणि टर्रर्र! पोस्टाचं तिकीट फाडावं तशी टिपेवरून कड वेगळी. जिथे टाचण्या होत्या तिथे भोकं कायमची.

दुसरी छत्रीची. घडीची छत्री, काड्या मोडलेल्या, कापड ठणठणीत. गोल आयताच. काड्या सोडवल्या, नेफा शिवला, अर्ध्या तासात टोपी तयार. खूश होऊन अंघोळीला गेले तर टाळूवर बरोबर मधोमध धार. छत्रीच्या मध्यावर दांड्याचं भोक असतं हे सगळ्या जगाला माहीत आहे. मला शॉवरखाली समजलं.

तिसरीसाठी रविवार पेठेतून रेनकोटचं नायलॉन आणलं, एका बाजूनं लेप असलेलं, सव्वा मीटर. हवं होतं २२ इंच व्यासाचं वर्तुळ. कापडाची चौघडी घातली, घडीच्या कोपऱ्यापासून टेप धरली, २२ इंचांवर खडूनं खुणा केल्या, कापलं. उलगडलं तर ४४ इंचांचं चक्र. कोपऱ्यापासून त्रिज्या मोजायची असते, ११ इंच! नवरा म्हणाला, "मंडळाला विचारू का, मांडवाला चालेल." ते गुंडाळून कपाटात टाकलं.

चौथीला मात्र सगळं सुधारलं. पुन्हा रविवार पेठ, पाऊण मीटर. ११ इंच तीनदा मोजले. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे. टाके मोठे. कड दुमडताना वेड्यावाकड्या चुण्या पडत होत्या, म्हणून दुमडायचा नाद सोडला, तुळशीबागेतून सुती पायपिन (कडेला शिवायची कापडी पट्टी) आणली आणि कडेला तीच नेफ्यासारखी लावून तिच्यातून इलॅस्टिक ओवलं. आतून जुन्या मलमलच्या ओढणीचं अस्तर. दिसायला इतकी गोड झाली की शेजारच्या वहिनींना दाखवून आले.

आणि तरी मानेवरचे आणि कानामागचे केस ओले. रोज. इलॅस्टिक एक इंचानं कमी केलं, तर वळ उठले आणि केस ओलेच. कापड फुटकं नाही, मध्ये भोक नाही, मग पाणी येतंय कुठून?

बादलीतांब्या
पाचवीच्या आधी एकदा हिशेब मांडा. पावणेदोन-दोन मीटर कापड, पायपिन, इलॅस्टिक, रविवार पेठेच्या दोन खेपा आणि तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात गेलेलं आयुष्य. तुळशीबागेत पन्नास-साठ रुपयांत टोपी मिळते. आणि बादली-तांब्यानं अंघोळ केली तर टोपीच लागत नाही, मानेखाली पाणी घ्यायचं.

उसवणारी
@बादलीतांब्या, हिशेब मांडला असता तर मशीन विकूनच टाकलं असतं. कमरेपर्यंत केस सांभाळत तांब्यानं अंघोळ करून बघा एकदा, मग बोलू.

आंबाडा
अगं, माझ्याही तेच. विकतच्या टोपीतसुद्धा केस दमट होतात. मला वाटतं बाहेरून पाणी येतच नसेल. गरम पाण्याची वाफ, डोक्याचा घाम, वरून हवा न जाणारं कापड. आतल्या आत पाणी सुटत असेल. डब्यात गरम पोळ्या ठेवल्या की झाकणाला आतून सुटतं तसं.

नवशिकी
मला सुईच्या भोकांचा संशय येतो. रेनकोटच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते ती त्यासाठीच ना? टिपेवरून मेणबत्ती घासून बघा. मी पावसाळी पिशवीला केलं होतं, बऱ्यापैकी चाललं.

उसवणारी
@आंबाडा, वाफ असती तर सगळीकडे दमट झालं असतं. टाळूवर कोरडं खटखटीत, फक्त कडेकडेनं ओलं. आणि दमट नाही, चांगलं पिळता येईल इतकं.
@नवशिकी, मेण आजच घासते.

(दुसऱ्या दिवशी) मेण घासलं. केस ओले. शिवाय आता मेणाचे कण केसात.

गल्लीतली_शिंपीण
उशिरा वाचलं. पंचवीस वर्षं ब्लाउज शिवतेय, टोप्या नाही, पण रेनकोट दुरुस्तीला येतात दर जूनमध्ये. तीन गोष्टी सांग. दोरा कुठला वापरलास? अस्तर कुठपर्यंत आलंय? आणि पायपिन टोपी घातल्यावर बाहेर दिसते का?

उसवणारी
दोरा मशीनच्या डब्यात होता तो, सासूबाईंचा, सुती असावा. अस्तर थेट कडेपर्यंत, पायपिनीच्या आत धरूनच शिवलंय, म्हणजे उसवायला नको. पायपिन दिसते, तीच तर शोभा आहे, पिवळ्यावर लाल.

गल्लीतली_शिंपीण
मग झालं. समईत काय करतेस? वात तेलात, तिचं टोक बाहेर. तेल आपोआप वर चढतं, कोणी ढकलत नाही. तू टोपीला सगळीकडून गोल वात लावली आहेस. लाल पायपिन शॉवरचं पाणी पिते, तिच्याला लागून सुती दोरा, त्याच्याला लागून मलमल, मलमल थेट केसांना. इलॅस्टिक कितीही आवळ, सुतातून पाणी येणारच. उलट आवळल्यानं मलमल केसांवर जास्त दाबली जाते.

माझ्यावर विश्वास ठेवू नको, करून बघ. टोपी पातेल्यासारखी उलटी धर, आत तांब्याभर पाणी ओत, पण पायपिनीला लागू देऊ नको. अर्धा तास टांगून ठेव, खाली कोरडी परात. कापड गळत असेल तर परातीत दिसेल. मग टोपी पूर्ण वाळव आणि नुसती कड वाटीभर रंगीत पाण्यात टेकव.

उसवणारी
केलं. एवढ्या उत्साहानं मी दहावीचं प्रॅक्टिकल केलं नव्हतं.

पहिला प्रयोग: अर्धा तास झाला, परात कोरडी. म्हणजे कापड निर्दोष. अस्तर मात्र आत भिजलं, ते वाळायला पुढचे दोन दिवस गेले, बाहेर पावसाची झड. वाळेपर्यंत त्याला ओल्या फडक्याचा वास यायला लागला.

दुसरा: लेकीच्या दौतीतली निळी शाई पाण्यात टाकली, वाटीत पायपिनीचं फक्त एक बोट बुडवलं आणि चहा ठेवायला गेले. चहा गाळून येईपर्यंत निळा रंग पायपीन ओलांडून मलमलमध्ये दोन बोटं वर. नुसता वर नाही, कडेकडेनं आडवाही पसरलेला. बघता बघता लाल पायपिन जांभळी झाली. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, म्हणाल्या, "कापडी पोतेऱ्याची किनार लावलीस गं टोपीला."

टोपीचा हा भाग मी चूक म्हणून मोजलाच नव्हता. सुधारणा म्हणून मोजला होता!

पेठेकर
अवांतर: पोतेऱ्याची किनार! सासूबाईंना इथे सदस्य करून घ्या. आणि शॉवर कॅपला 'न्हाणटोपी' म्हणावं अशी नम्र सूचना. बाकी चालू द्या.

वर्तुळकाका
निवृत्त मास्तर आहे, शिवणातलं कळत नाही, पण चुण्यांबद्दल राहवत नाही. त्या चुण्या पडणं तुमच्या हाताचा दोष नव्हता, वर्तुळाचा स्वभाव आहे.

कापडाची त्रिज्या ११ इंच. अर्धा इंच आत दुमडलंत, म्हणजे कापलेली कड आता मध्यापासून १० इंचांवर येऊन बसली. ११ इंच त्रिज्येचा परीघ साधारण ६९ इंच, १० इंचांचा साधारण ६३. सहा इंचांहून थोडं जास्त कापड जादा झालं, ते बिचारं जाणार कुठे? चुण्यांत जाणार. आणि गंमत अशी की टोपी लहान करा, मोठी करा, ते ४४ इंचांचं चक्र घ्या, अर्धा इंच दुमडलंत की जादा कापड तेवढंच: दोन गुणिले पाय (π, साधारण ३.१४) गुणिले एक इंच, म्हणजे ६.२८. वर्तुळ केवढं यावर ते अवलंबूनच नाही. अवलंबून आहे ते फक्त दुमड किती यावर. दुमड कमी करा.

ता.क. ४४ इंचांच्या वर्तुळातून २२ इंचांची दोन वर्तुळं शेजारी शेजारी नेमकी बसतात. दुसऱ्यांदा कापड आणायची गरज नव्हती.

उसवणारी
काका, ता.क. आधी कळवायला हवा होता. आता नवऱ्यानंही वाचलाय.

गल्लीतली_शिंपीण
काकांनी बरोबर सांगितलं, आता शिवण्याचं मी सांगते. तीन सूत दुमड (आठ सूत म्हणजे एक इंच). इलॅस्टिक दोन सुताचं घे, ते त्यात आरामात सरकतं. तरी पावणेपाच इंच जादा राहीलच.

वर्तुळकाका
४.७१. बरोबर.

गल्लीतली_शिंपीण
हो काका. तर त्यासाठी दुमडायच्या आधी कडेपासून एक सुतावर लांब लांब धावदोरा घाल, गाठ मारू नको, आणि दोरा हलकेच ओढ. कड आपोआप आत वळते आणि जादा कापड सगळीकडे सारखं वाटलं जातं. मग नेफ्याची टीप. आणि बारीक चुण्या पडल्याच तर पडू दे ना! इलॅस्टिक ओवलं की सहासष्ट इंचांचं कापड वीस इंचांत येणार आहे. सगळी टोपी चुण्यांचीच होणार, त्यात या चार कुणाला दिसतात? ज्यासाठी पायपिन लावलीस ती अडचण पाच मिनिटांनी आपोआप नाहीशी होणार होती.

मेणकापड का जमलं नाही तेही यातच आलं. एकाला तीन चुण्या घालायला कापड पातळ लागतं.

दोरा पॉलिस्टरचा. सुई ११ नंबरची, नवी. बोथट सुई लेपाच्या कापडात टोचत नाही, भोसकते. इंचात सात-आठ टाके. चुकलं तर उसवून त्याच रेषेवर पुन्हा टीप मारू नकोस, जुनी भोकं भरून येत नाहीत, दोन्ही मिळून कापड तिथेच फाटतं. तुझं नाव बघून मुद्दाम सांगतेय. दोऱ्याचं टेन्शन जरा सैल ठेव. आणि आधी चिंधीवर.

नवशिकी
मशीनचा पाय चिकटतो त्याला वर्तमानपत्राऐवजी बटर पेपर. शिवून झाल्यावर टिपेवरून टर्कन फाटतो, शाई नाही. किंवा पायाच्या तळाला सेलोटेप, सुईच्या जागी खाच कापून. माझ्या झिगझॅग मशीनवर मी नेफाच करत नाही, इलॅस्टिकचे चार भाग करून ताणत ताणत थेट कडेवर शिवते.

गल्लीतली_शिंपीण
काळ्या मशीनवर ते नको. सरळ टीप इलॅस्टिकबरोबर ताणत नाही, घालताना दोरा तुटतो. शिवाय थेट शिवलेलं इलॅस्टिक बदलता येत नाही. इलॅस्टिक मरणारच. आतल्या रबराला खोबरेल तेल आणि गरम पाणी दोन्ही सोसत नाही आणि टोपीत दोन्ही असतं. नेफ्याचं तोंड उघडंच ठेव, बोटभर. सेफ्टी पिननं नवं ओवता आलं पाहिजे. आणि इलॅस्टिकला गाठ नाही मारायची. टोकं इंचभर एकमेकांवर ठेवून मागे-पुढे टीप.

उसवणारी
गाठ मारली होती. मानेवर चिंचोका ठेवल्यासारखं लागायचं. मला वाटलं ते तसंच असतं.

डोक्याचा घेर २२ भरतो. इलॅस्टिक किती?

गल्लीतली_शिंपीण
वीस काप. जोडल्यावर एकोणीस राहील. कापताना टेपवर ताणून मोजू नकोस.

उसवणारी
ताणूनच मोजत होते.

आंबाडा
अस्तर मग घालायचंच नाही का? नायलॉन नुसतं केसांवर बरं नाही वाटत.

गल्लीतली_शिंपीण
घालायचं असेल तर कडेच्या दीड-दोन इंच आतच संपव, नेफ्यात धरू नको, चार ठिकाणी हातानं टाके घाल. पण मी म्हणेन, नकोच. या हवेत वाळत नाही. नुसत्या नायलॉनची टोपी उलटी करून चिमट्याला लावली की अर्ध्या तासात कोरडी. केसांना पंचा गुंडाळ आणि वरून टोपी.

नवशिकी
दुमड नीट बसावी म्हणून हलकी इस्त्री फिरवली तर?

गल्लीतली_शिंपीण
नको बाई. लेप इस्त्रीला चिकटतो, मग सगळ्या घराचे कपडे डागाळतात. आणि मेणकापड पीव्हीसीचं असतं, त्याला तर इस्त्री अजिबात लावायची नाही, धूर वाईट. नखानं घडी मोडायची.

उसवणारी
पाचवी झाली. काकांच्या सांगण्यावरून ४४ इंची चक्र कापायला काढलं होतं, पण चौथीच्या पाऊण मीटरातलं कापड शिल्लक सापडलं. ते २२ भरेना, २१ भरलं. म्हटलं चालवू.

धावदोरा ओढल्यावर कड जी आत वळली ती बघायला सासूबाईंना हाक मारली. करंजीची मुरड घालावी तशी. टीप घालताना एकदाच वाकडी गेली. उसवली नाही, तशीच राहू दिली. नेफ्यात इलॅस्टिक ओवताना सेफ्टी पिन मध्येच उघडली आणि वीस मिनिटं त्यात गेली. पिनचं तोंड आधी सेलोटेपनं बंद करा, हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते.

टोपी दिसायला कशीतरीच आहे. लाल किनार नाही, अस्तर नाही, कडेला चुण्यांचा गुंता. सकाळी घातली, डोक्यावर मुद्दाम शॉवर धरून उभी राहिले. काढली. मानेवर हात फिरवला, कानामागे फिरवला.

कोरडं!

आंबाडा
शिट्टी! आता माझं माप घे, २३.

बादलीतांब्या
अभिनंदन. हिशेब अजून बाकी आहे, पण आज राहू दे.

उसवणारी
तीन आठवड्यांनी ही चर्चा वर काढतेय. टोपी रोज वापरात आहे. एक बदल करणार: २१ इंची टोपीत केस धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आंबाडा फुगलेला असताना, जरा ओढ बसते. लांब केसांना २३ तरी घ्या. इलॅस्टिक अजून ताठ आहे, पण तेल लावलेल्या दिवशी आधी जुना पंचा गुंडाळते.

आणि ते ४४ इंचांचं चक्र. परवा अशीच झड लागलेली असताना नवऱ्यानं त्याला नेफा घालून मागितला, इलॅस्टिक चांगलं रुंद. मी म्हटलं, डोकं केवढं तुझं? तो ते खाली घेऊन गेला आणि स्कूटरच्या सीटवर चढवलं. गच्च बसलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये तीन जणांनी विचारलं, कुठून घेतलं. सी विंगमधल्या काकूंनी तर माप पाठवलंय, मोपेडचं.

@बादलीतांब्या, कापड किती लागेल ते हिशेबात धरा.

वर्तुळकाका
मोपेडची सीट लांबुळकी असते. वर्तुळ नको, लंबगोल लागेल. दोन खिळे आणि एक सुतळी घ्या, आखायचं कसं ते लिहितो.